ढोल सैल केल्यावर

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या रस्त्यावर गुलाल असतो आणि ढोल-ताशा पथकातल्या पोरापोरींना आवाज नसतो. घसा बसलेला, डाव्या अंगठ्याला पट्टी, कमरेला शेल्याचा वळ आणि कानात कुठंतरी दूर अजून ताशा चालूच. अशा वेळी कोणी विचारलं, ‘कसं झालं यंदा?’ तर उत्तर दोन शब्दांत मिळतं : ‘भारी वाजलं.’

त्या दोन शब्दांत बरंच काही दडपलं जातं. पावसाळ्यातला सराव, चार-पाच गावांचा प्रवास, नव्यानं जोडलेली माणसं, ढोलाची फुटलेली पानं, चुकलेले ठेके, एखादं भांडण. पुढच्या जूनमध्ये वाद्यपूजनाला नारळ फुटतो तेव्हा यातलं फारसं कोणालाच आठवत नाही. मग तीच चूक त्याच जागी, त्याच उत्साहानं पुन्हा होते. पथकात एक वर्ष काढलेल्या वादकाला हे वर्ष नीट मागं वळून बघायचं असेल, तर त्यानं काय करावं, कधी करावं आणि कोणाबरोबर करावं, त्याविषयी हा लेख आहे.

आधी ‘कधी’ ते ठरवू. विसर्जनानंतरच्या आठवड्यात मुळीच नको. तेव्हा सगळेच नायक असतात. दिवाळीत फराळ असतो आणि लग्नसराईत वादनाच्या सुपाऱ्या. १९ फेब्रुवारीला शिवजयंती येते आणि क्रांती चौकात उभं राहायलाही जागा उरत नाही. त्यापाठोपाठ गुढीपाडव्याच्या शोभायात्रा, रामनवमी, १४ एप्रिलला भडकल गेटकडे निघालेले जथे. पथकाचं वर्ष वाद्यपूजनापासून वाद्यपूजनापर्यंत मोजलं तर खरी सुटी मे महिन्यातच मिळते. छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडतो, परीक्षा संपत आलेल्या असतात, ढोल दोऱ्या सैल करून कोणाच्या तरी गोदामात किंवा गच्चीवरच्या खोलीत एकावर एक रचलेले असतात. हिशेबाला बसायचं ते याच दिवसांत, संध्याकाळी सातनंतर, गच्चीवर पाणी मारून.

वही आधी, आठवण नंतर

माणसाची आठवण मिरवणुकीसारखी असते. पुढचे झेंडे दिसतात, मागची गर्दी दिसत नाही. म्हणून मे महिन्यात बसायचं असेल तर वही जूनपासूनच हवी. साधी शंभर पानी पुरते. मोबाइलमध्ये टिपणं ठेवणाऱ्यांनी खुशाल तसं करावं, पण फोन बदलला की वर्ष गेलं, असा अनुभव बहुतेकांना आलेला असतो.

लिहायचं फार नाही. तारीख, जागा, किती वेळ वाजवलं, कोणते हात घेतले (ठेक्याच्या एका बांधणीला पथकाच्या भाषेत ‘हात’ म्हणतात), पाऊस होता का, किती पानं गेली, कोण आलं नाही. शेवटी एक ओळ चुकीची आणि एक ओळ माणसांची. ‘दुसऱ्या हातातून तिसऱ्यात जाताना मागची रांग सुटली’ ही चुकीची ओळ. ‘टेम्पोवाल्या काकांनी स्वतःचा डबा सगळ्यांत वाटला’ ही माणसांची. दोन्ही ओळी त्याच रात्री लिहाव्यात. दुसऱ्या दिवशी चुकीची ओळ सौम्य होते आणि माणसांची ओळ गुळगुळीत.

तारखा लिहिण्याला आणखी एक कारण आहे. आपले सण तिथीनं येतात आणि शाळा, कारखाने, पोलिस बंदोबस्त तारखेनं चालतो. २०२४ साली अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला आली. तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आणि आदल्याच दिवशी ईद-ए-मिलाद. शहराच्या दृष्टीनं ते दिवस केवढे भरगच्च होते, हे तेव्हा वाजवलेल्या कोणालाही आठवेल. पण नेमकं कोणत्या वेळी कोणता रस्ता बंद होता, टेम्पो कुठं लावावा लागला, वाद्यं किती लांब हातानं वाहावी लागली, हे वहीतच सापडतं. २०२६ ला गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरची आहे, म्हणजे मुक्तिसंग्राम दिन उत्सवाच्या चौथ्या दिवशी येतो. ज्यांच्याकडे २०२४ ची वही आहे त्यांना नियोजनाला एक धागा तरी मिळतो.

कानांनी बघावं

वर्षाचा आढावा म्हणून बहुतेक पथकं व्हिडिओ बघतात. फेटे सुंदर दिसतात, ध्वज फिरतात, राजाबाजारातल्या संस्थान गणपतीसमोरचा क्षण पुन्हा अंगावर येतो. वादन मात्र व्हिडिओत कळत नाही, कारण डोळा कानाला फसवतो. त्यामुळे मे महिन्यातल्या बैठकीत पहिला तास फोन उलटा ठेवून नुसतं ऐकावं. त्यासाठी वर्षभर ध्वनिमुद्रण करताना फोन वादकाच्या खिशात ठेवू नये. पथकापासून तीस-चाळीस फुटांवर उभ्या असलेल्या कोणाच्या तरी हातात द्यावा. जवळून फक्त स्वतःचाच ढोल ऐकू येतो.

ऐकायचं काय? सर्वांत आधी लय. वादनाच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे पंधरा सेकंद घ्यावेत, ठोके मोजावेत, चारनं गुणावेत. मिनिटाला किती ठोके पडले ते कळतं. बहुतेक ठिकाणी शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघतो. उत्साहात लय चढते हे खरं, पण ती ठरवून चढली की घसरत गेली, हे या तीन आकड्यांवरून समजतं.

दुसरं, मागची रांग. मोठ्या पथकात मागच्यांना कायम बोल बसतात : ‘तुम्ही मागं राहता.’ यात त्यांचा दोष अर्धाच. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पुढचा ताशा आणि शेवटचा ढोल यांच्यात ३४ मीटर अंतर पडलं, तर ताशाचा बोल मागच्या वादकाला सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो, म्हणजे हा उशीर ठोक्याच्या पाचव्या हिश्शाइतका झाला. मागच्यानं प्रामाणिकपणे कानावर विश्वास ठेवला तरी तो चुकणारच, आणि जितका प्रामाणिक तितका चुकणार. गुलमंडीसारख्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परततो, तो गोंधळ वेगळाच. उपाय म्हणजे मागच्यांनी ताशा ऐकण्यापेक्षा पुढच्याचं टिपरू बघावं, मध्ये एखादा टोल किंवा झांज उभी करावी, आणि जागा मिळेल तिथं रांगा लांबवण्याऐवजी रुंद कराव्यात.

इथं पाइप बँडकडे बघण्यासारखं आहे. मराठी माणसाला हा प्रकार दोन ठिकाणी भेटतो. एक, २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकातल्या बीटिंग रिट्रीटमध्ये. आणि दुसरं, लष्करी संचलनात. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र असल्यामुळे त्या भागात तरी लष्करी बँड कानाला परका नाही. लक्ष सगळं बॅगपाइपकडे जातं, कारण तो दिसायला विचित्र आणि ऐकायला त्याहून. पण बँड उभा असतो तो मागच्या ड्रमवर : कडक ताणलेले साइड ड्रम, मधले टेनर आणि एक बास. रचना आपल्या ओळखीचीच आहे. साइड ड्रम ताशाचं काम करतो, बास ढोलाचं. फरक एवढाच की तिथं बास एक असतो आणि आपल्याकडे ढोल चाळीस.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो ग्रीन या मैदानावर दर ऑगस्टमध्ये पाइप बँडची जागतिक स्पर्धा भरते. १९४७ पासून ही स्पर्धा आहे. तिच्यातल्या दोन गोष्टी पथकांनी उचलाव्यात अशा आहेत. स्पर्धेत बँड वर्तुळात, एकमेकांकडे तोंड करून उभा राहतो, प्रेक्षकांकडे नव्हे. आपली पथकं स्थिर वादनाला रिंगण करतात, त्यामागचं शहाणपणही हेच, पण पुष्कळदा ते रिंगण हळूहळू कॅमेऱ्याच्या दिशेनं उघडत जातं. दुसरी गोष्ट परीक्षकांची. पाइप ऐकणारे वेगळे, ड्रम ऐकणारा वेगळा, आणि एक जण फक्त सगळ्यांचा मेळ ऐकणारा. पथकातही प्रत्येक वादनाला एका अनुभवी वादकानं ढोल उतरवून बाहेर उभं राहावं आणि फक्त मेळ ऐकावा. याला तयार होणारा वादक मिळणं अवघड असतं, हेही खरं. संस्थान गणपतीसमोर ढोल उतरवायला कोण राजी होईल? म्हणून हे काम सरावात तरी आळीपाळीनं वाटून द्यावं.

पाइप बँडकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट घरच्या सरावाची. पाइप बँडचा ड्रमर घरी सहसा खऱ्या ड्रमवर सराव करत नाही. तो रबराच्या छोट्या गादीवर काड्या चालवतो, अगदी संथ, मोजत. ताशा शिकणाऱ्यानं जुन्या टायरचा तुकडा पाटावर ठोकून घेतला तर शेजाऱ्यांचे शिव्याशाप न घेता वर्षभर हात तयार राहतो. उशीवर सराव करू नये. उशी काडी परत फेकत नाही आणि मनगट आळशी होतं. वर्षाचा हिशेब मांडताना ‘मैदानावर किती तास’ याच्या शेजारी ‘घरी किती तास’ हाही आकडा लिहावा. तो बहुतेकांचा लाजिरवाणा असतो.

ताशाचा मुलूख

पथकाची परंपरा सांगताना पुण्याचं नाव येतं, आणि ते बरोबरच आहे. मावळ-मुळशीतल्या गावांचा ढोल शहरात शिस्तीनं उभा करण्यात ज्ञानप्रबोधिनी आणि रमणबाग या शाळांच्या पथकांचा मोठा वाटा आहे. पण ताशाचा मुलूख पुण्यापेक्षा बराच मोठा आहे. दख्खनमध्ये मोहरमच्या ताजियांपुढेही ताशाच वाजत आला. छत्रपती संभाजीनगरात राजाबाजारातल्या संस्थान गणपतीपासून निघालेली विसर्जनाची मिरवणूक शहागंज, सिटी चौक, गुलमंडी असं करत जिल्हा परिषद मैदानातल्या विहिरीकडे जाते, त्या वाटेवरच्या एका चौकाचं नाव बाराभाई ताजिया आहे. त्या चौकात ताशा घुमतो तेव्हा एकाच वाद्याचे दोन इतिहास एका जागी येतात. नव्या वादकांना हे कोणी सांगत नाही. सांगायला हवं.

हाच ताशा समुद्रापारही गेला. ३० मे १८४५ ला हिंदुस्थानी मजुरांचं पहिलं जहाज त्रिनिदाद बेटावर पोचलं. ते मजूर आणि त्यांच्यामागून दशकानुदशकं गेलेले मजूर बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातले होते. त्यांनी नेलेला ‘तासा’ तिथं आजही वाजतो. एक जण पुढे राहून बोल घेतो, दुसरा ठेका भरतो, सोबत मोठा ढोल आणि झांज. कातडं ताणण्यासाठी ते लोक वाद्य जाळावर शेकतात. आपल्याकडे चावीनं आवळायचे, प्लॅस्टिकच्या पानाचे ताशे आले त्याआधी जुने ताशेवाले कागद पेटवून हेच करत. पथकाच्या वार्षिक बैठकीत इंटरनेटवरून त्रिनिदादचा तासा अर्धा तास ऐकावा. हात वेगळे आहेत, तरी कोणालाही भाषांतर लागणार नाही.

टेम्पो, रस्ता आणि रात्र

वर्षभरातला प्रवास आठवताना पोरं ढाब्यावरची शेवभाजी आठवतात. हिशेब मात्र टेम्पोपासून सुरू करावा. पैठण पन्नासेक किलोमीटर, जालना साठेक, पुणे सव्वादोनशेच्या पुढे. अंतर कितीही असो, तीन प्रश्नांची उत्तरं वहीत असावीत. वाद्यं कशी गेली, माणसं कशी गेली, आणि परत येताना गाडी कोणी चालवली.

वाद्यं आणि माणसं एकाच टेम्पोत, ही पथकांची जुनी आणि वाईट सवय. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं बेकायदा आहेच. शिवाय ब्रेक लागला की रचलेले ढोल ज्याच्यावर येतात त्याला कायदा आठवायलाही वेळ मिळत नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तरी ‘आम्ही गाड्यांवर येतो’ म्हणणारे चार जण दर सुपारीला निघतात. त्यांना आधीच बसमध्ये जागा करून द्यावी. समृद्धीचा सरळसोट रस्ता दमलेल्या चालकाला झोप आणतो. सहा तास ढोल वाजवलेल्या माणसानं रात्री स्टिअरिंग हातात घेऊ नये. ज्यानं त्या दिवशी वाजवलेलं नाही असा चालक नसेल तर मुक्काम करावा, आणि मुक्कामाचा खर्च सुपारी ठरवतानाच धरावा.

सुपारी ठरवताना बाकीचंही लेखी असावं. व्हॉट्सअॅपवरचा एक निरोपही चालेल, पण त्यात किती ढोल, किती ताशे, किती वेळ, पाणी कोण देणार, मानधन कधी मिळणार हे स्पष्ट हवं. मुली पथकात आता पुष्कळ आहेत. त्यांना कपडे बदलायला बंद खोली आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह मिळेल का, हा प्रश्न शेवटी लाजत विचारायचा नसतो, तो पहिला विचारायचा असतो. वर्षाच्या शेवटी गावांची यादी काढून प्रत्येक गावासमोर एवढंच लिहावं : पुन्हा जायचं की नाही. पैसे कमी मिळालेल्या गावापुढेही ‘जायचं’ लिहिलं गेलं, तर त्याचं कारणही लिहून ठेवावं. नाहीतर पुढच्या वर्षीच्या कार्यकारिणीला ते कोडं वाटेल.

ज्यांचा प्रवास शहर सोडून जाण्यापर्यंत पोचतो, त्यांच्यासाठीही वाट बंद होत नाही. अमेरिकेत मराठी मंडळांची ढोल-ताशा पथकं आहेत. जून २०२४ मध्ये तिथल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन कॅलिफोर्नियात सॅन होजेला भरलं होतं. अशा ठिकाणी गेलेल्या वादकाला ओळख सांगायला बायोडेटा लागत नाही. हातात काड्या दिल्या की कळतं.

कान, घड्याळ आणि शेजारी

आढाव्यातला हा भाग कोणालाच आवडत नाही. पण टाळला तर पुढची वर्षं कमी होतात.

आवाजाचं गणित कडक आहे. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज आठ तास सहन करण्याची मर्यादा मानतात, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. मोबाइलमधलं डेसिबल मोजणारं अॅप अगदी अचूक नसतं, तरी सरावात ते एकदा ताशाजवळ धरून बघावं. बघितल्यावर फोमचे कानबोळे घालणं हा कोणी पुरुषार्थाचा प्रश्न करणार नाही. वादनानंतर रात्रभर कानात शिट्टी वाजत राहिली, तर ती वहीत लिहावी. वर्षात असं तीन-चारदा झालं असेल, तर मे महिन्यातच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी. ताशावाल्यांनी आणि टोल वाजवणाऱ्यांनी तर आधी.

घड्याळाबाबत एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. रात्री दहाचा नियम फक्त लाउडस्पीकरला आहे, आपल्याला नाही, असं पथकांत सांगितलं जातं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत २०१० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर वाद्यांनाही मनाई आहे. सणासुदीला राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, तेही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर होऊ शकतं. घाटी रुग्णालयाच्या बाजूनं जाताना वादन थांबवायचं, ते या नियमासाठी आणि आत झोपलेल्यांसाठीही.

नियम आणि परंपरा यांची ओढाताण पुण्यात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठानं ३० ऑगस्टला प्रत्येक पथकात ढोल, ताशा, झांज मिळून तीसच वादक असावेत असा आदेश दिला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं १२ सप्टेंबरला त्या मर्यादेला स्थगिती दिली. पथकांनी पेढे वाटले तर त्यात गैर नाही. पण स्थगिती वादकांच्या संख्येवरच्या मर्यादेला मिळाली, शेजाऱ्याच्या तक्रारीला नाही. सरावाच्या मैदानाभोवती राहणारे लोक दोन-अडीच महिने तोच हात रोज संध्याकाळी ऐकतात, आणि तोही चुकलेला. हंगाम सुरू होण्याआधी त्यांच्या दारी जाऊन वेळ सांगावी, परीक्षेचे दिवस विचारावेत, हंगाम संपल्यावर प्रसाद नेऊन द्यावा. हे करणारी पथकं मैदान गमावत नाहीत.

सोबतची माणसं

आता मैत्री. पथकातली दोस्ती लवकर होते, कारण बोलावं लागत नाही. शेजारच्या ढोलाचा हात थकलेला दिसला की आपला हात जरा जोरात पडतो, त्यानंही आधी कधीतरी तसंच केलेलं असतं. वाळूजच्या कारखान्यात पाळी करणारा, वकिलीचं शिकणारी, दुकान सांभाळणारा आणि बारावीतली मुलगी दोन-अडीच महिने रोज एका रांगेत उभी राहतात. शहरात अशी दुसरी जागा पटकन सांगता येणार नाही.

पण ही दोस्ती हंगामी असण्याचा धोकाही तेवढाच. विसर्जन झालं, व्हॉट्सअॅपचा गट आठवडाभर फोटोंनी भरला, मग वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग शांतता. छत्रपती संभाजीनगरचं आणखी एक दुखणं आहे. पदवी झाली की पोरं पुण्याला जातात. त्यात दरवर्षी दोन-चार उत्तम ताशेवाले जातात. गटातून त्यांना काढू नये, ही पहिली गोष्ट. दुसरी, त्यांना ‘ये रे गणपतीला’ असं मोघम न सांगता नेमका दिवस सांगावा, कारण रजा मोघम मिळत नाही.

वर्षाचा आढावा घेताना सगळे उपस्थितांना विचारतात. खरी माहिती मात्र मध्येच सोडून गेलेल्यांकडे असते. जुलैत आलेला आणि ऑगस्टमध्ये यायचा थांबलेला मुलगा का थांबला? पहिल्याच आठवड्यात कोणी अपमान केला, घरून रात्रीच्या वेळेला विरोध झाला, ड्रेसचे पैसे जमले नाहीत की कंबर दुखली? पथकप्रमुखानं मे महिन्यात अशा पाच जणांना फोन करावा. परत बोलावण्यासाठी नाही, नुसतं ऐकण्यासाठी. यातले दोन जण तरी परत येतात, ही वेगळी गोष्ट.

भांडणांचंही तसंच. पुढच्या रांगेत कोण, ताशा कोणाच्या गळ्यात, सुपारीचे पैसे कुठं गेले, ही पथकातल्या भांडणांची तीन जुनी घराणी. तिसऱ्यावर उपाय सोपा आहे : जमाखर्च सगळ्यांसमोर वाचून दाखवावा. पानं, दोऱ्या, टेम्पो, चहा, आणि सामाजिक कामाला पैसे दिले असतील तर त्याची पावती. पहिल्या दोन भांडणांना हिशेबाची वही पुरत नाही. तिथं ज्याचा आवाज चढला होता त्यानं चहा घेऊन दुसऱ्याच्या घरी जावं लागतं, आणि हे वाद्यपूजनाच्या आधी व्हावं, नंतर नव्हे.

आभार मानायची यादी करताना स्टेजवरच्या पाहुण्यांपासून सुरुवात करू नये. टेम्पोवाले, पान बदलून देणारे कारागीर, सरावाच्या मैदानाजवळचा चहावाला, पांढऱ्या झब्ब्यांतला गुलाल दहा-दहा दिवस घासून काढणाऱ्या आया. यातल्या एकेकाचं नाव वहीत लिहिलेलं असावं. पुष्कळ पथकांना आपल्या टेम्पोवाल्याचं आडनाव माहीत नसतं.

बैठक शेवटाकडे येते तोवर रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि कलिंगड संपलेलं असतं. कोणीतरी गोदामाची किल्ली आणतो. एकेक ढोल उजेडात घेऊन पानांवरून हात फिरवला जातो, दोऱ्या तपासल्या जातात, उंदरांनी कुरतडलेल्या शेल्यांची वेगळी रास होते. वहीच्या नव्या पानावर यादी चढते : पानं सहा, दोरी दोन बंडलं, ताशाच्या काड्या, कानबोळे एक डबा. खाली एकानं पुण्याला गेलेल्या ताशेवाल्याला फोन लावलेला असतो. त्याला एकच विचारायचं असतं, जुलैतला कोणता रविवार मोकळा आहे.